विलापाची भाषा आणि फिर्यादीची भाषा

ज्या घरात देवघराची भाषा एक, बाजाराची दुसरी आणि कचेरीची तिसरी अशी वाटणी चार-पाच पिढ्या निमूटपणे चालत आलेली असते, त्या घरात वाढलेल्या माणसाला बेहरामजी मेरवानजी मलबारी यांचे चरित्र आणि त्यांची कविता वाचताना, प्रांत परका, धर्म परका आणि काळही बराच मागे पडलेला असूनसुद्धा, आपल्याच वाड्यातील एखादी बंद खोली कोणी उघडून दाखवीत आहे असे वाटल्यावाचून राहत नाही. १७४२ साली नारो शंकरांच्या सुभेदारीबरोबर मराठी माणसाचे पाऊल झाशीत पक्के रोवले गेले, आणि तेव्हापासून येथील मराठी कुटुंबे आरती मराठीत म्हणतात, भाजीचा भाव बुंदेलीत ठरवितात आणि सरकारदरबारी जी भाषा चालत असेल तिच्यात अर्ज लिहितात. ही त्रिविध वाटणी आम्ही कधी मुद्दाम केली नाही; ती झाली. परंतु कोणती गोष्ट कोणत्या भाषेत बोलावयाची हे एकदा ठरून गेले म्हणजे कोणती गोष्ट कोणत्या भाषेत बोलताच येत नाही हेही त्याबरोबरच ठरून जाते, याची जाणीव मला मलबारींनी करून दिली. आणि म्हणूनच गुजराती व इंग्रजी अशा दोन भाषांत लिहिणाऱ्या या कवीची मराठी वाचकांना ओळख करून देण्याचे काम झाशीत बसून करण्यात मला काही अनुचित वाटत नाही.

या शहरात भाषेचा आणि फिर्यादीचा संबंध फार जुना आहे. १८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधरराव नेवाळकर निवर्तले आणि त्यानंतर राणी लक्ष्मीबाईंच्या वतीने दत्तकविधान मंजूर करावे म्हणून गव्हर्नर जनरलकडे जे खलिते गेले, ते दरबारी फारशी वळणाचे, मागल्या तहनाम्यांचे हवाले देणारे, अदबीने भरलेले होते, आणि इंग्रजीत उतरून मगच ते लॉर्ड डलहौसीच्या मेजावर पोचले. पती गेला त्याचा शोक मराठीत, रयतेशी बोलणे हिंदुस्थानीत आणि हक्काची कैफियत तिसऱ्याच भाषेत, अशा त्या राजवाड्यात शोक आणि कैफियत यांच्यामध्ये दुभाष्यांची केवढी रांग उभी असेल याचा विचार मी किल्ल्याच्या उतरणीवरून जाताना अनेकदा केला आहे. त्याच १८५३ सालच्या मे महिन्यात, येथून शेकडो कोस दूर, गायकवाडांच्या बडोद्यात मलबारींचा जन्म झाला होता. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यावर मला काही इमारत उभारावयाची नाही. परंतु ज्याला पुढे साऱ्या हिंदुस्थानातील विधवांची कैफियत इंग्रजीत मांडावयाची होती, तो मनुष्य त्याच वर्षी जन्मास यावा हे मला विसरताही येत नाही.

वडील धनजीभाई मेहता हे बडोदे सरकारच्या पदरी असलेले गरीब कारकून. ते लवकरच वारले, आणि आई भिखीबाई मुलाला घेऊन सुरतेस आली. तेथे चंदन आणि मसाल्याचे जिन्नस मलबार किनाऱ्यावरून आणून विकणारे मेरवानजी नानाभाई या आप्ताने तिच्याशी लग्न करून मुलाला दत्तक घेतले, आणि त्या व्यापाराचे नाव त्या मुलाला कायमचे चिकटले. मलबार ज्याने कधी आपले मानले नाही त्या कवीला जग मलबारी म्हणून ओळखते. त्यांच्या शिक्षणाची हकीकत शाळेपासून सुरू करण्याचा प्रघात आहे. मला मात्र ती रस्त्यापासून सुरू करावीशी वाटते. सुरतेच्या गल्ल्यांतून तेव्हा ख्याल गाणारे फिरत, सवाल-जवाब रंगत, आणि हा पोर त्यांच्या मागे जाऊन त्यांच्यात बसून गाऊ लागला होता. आपल्याकडील कलगी-तुऱ्याचे फड ज्याने पाहिले आहेत, किंवा आमच्या मऊरानीपूरकडील मेढकी गावच्या ईसुरीच्या फागा होळीच्या दिवसांत ढोलकीवर ज्याने ऐकल्या आहेत, त्याला सांगावयास नको की अशा ठिकाणी कवितेचे पहिले शिक्षण कानाला आणि घशाला मिळते, डोळ्यांना ते फार उशिरा मिळते. मलबारींच्या गुजराती कवितेत जी गाण्याजोगी सुबकता आहे, तिचे मूळ मला याच गल्लीत दिसते. मिशनरी शाळेतील इंग्रजी हे त्यानंतरचे.

आणि दोहोंच्या मध्ये आईचा मृत्यू आहे. ते सुमारे १२ वर्षांचे असताना भिखीबाई गेली. पुढे आयुष्यभर या माणसाने स्त्रियांच्या दुःखाविषयी जे लिहिले, त्याच्या तळाशी ही एक स्त्री आहे असे त्यांनी स्वतःच वारंवार सूचित केले आहे. आणि चरित्रकारांनी त्यावर पुष्कळ लिहिले आहे. मी एवढेच म्हणेन की, पोरक्या मुलाला विधवेचे दुःख कळावयास फार दूर जावे लागत नाही.

मॅट्रिकच्या परीक्षेसाठी ते मुंबईस आले आणि गणिताने त्यांना पुनःपुन्हा अडविले. १८७१ साली ती परीक्षा एकदाची पार पडली, आणि विश्वविद्यालयाची पदवी त्यांना कधीच मिळाली नाही. शिकवण्या करून पोट भरावे आणि उरलेल्या वेळी इंग्रजी कवी वाचावेत असा क्रम होता. गुजराती भाषेचे व्याकरण लिहिणारे मिशनरी टेलर यांनी त्यांच्या गुजराती पद्यांचे बाड पाहिले आणि मुंबईच्या डॉ. जॉन विल्सन यांच्याकडे त्यांची शिफारस केली. त्या वृद्ध स्कॉटिश पंडिताने या तरुणाला जवळ केले, आणि १८७५ साली ‘नीतिविनोद’ हा गुजराती कवितासंग्रह बाहेर पडला. त्याच वर्षाच्या अखेरीस डॉ. विल्सन वारले, त्यांच्यासाठी मलबारींनी पुढे ‘विल्सनविरह’ हे शोककाव्य लिहिले, तेही गुजरातीतच.

‘नीतिविनोदा’विषयी येथे थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण त्याचे नाव मराठी वाचकाला उपदेशाच्या पुस्तकासारखे वाटण्याचा संभव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पारशी समाजाची गुजराती आणि हिंदू गुजराती यांच्यामध्ये एक स्पष्ट रेषा होती. पारशी गुजरातीत उच्चार निराळे, फारशी आणि इंग्रजी शब्दांचा भरणा मोठा, आणि तिची नाटके व वर्तमानपत्रे मुंबईत मोठ्या झोकात चाललेली; परंतु पंडितांच्या दृष्टीने ती शिष्ट भाषा नव्हे. मलबारींनी आपली कविता त्या घरगुती पारशी वळणात लिहिली नाही. दलपतराम आणि नर्मद यांनी घडविलेल्या शिष्ट गुजरातीत त्यांनी ती लिहिली, आणि ती इतकी निर्दोष उतरली की एका पारशाच्या हातून असे शुद्ध गुजराती यावे याचेच तत्कालीन रसिकांना नवल वाटले. याचा अर्थ असा की मलबारींना आपण ‘द्वैभाषिक’ म्हणतो तेव्हा मोजणीत एक भाषा गाळतो. त्यांच्या घरची गुजराती एक, त्यांच्या कवितेची गुजराती दुसरी, आणि इंग्रजी ही तिसरी. घरच्या बोलीतून शिष्ट भाषेत जाण्याचे श्रम ज्याने घेतले आहेत, त्याला पुढे परभाषेत जाण्याचे भय कमी वाटते. आणि हे श्रम कोणी मोजीत नाही, कारण बाहेरून पाहणाराला दोन्ही गुजरातीच दिसतात. झाशीच्या मराठीला पुण्याची मराठी शिकताना काय पडते हे आम्हांस विचारावे.

या संग्रहातील जी पदे लोकांच्या तोंडी गेली त्यांत बालविधवेच्या विलापाची पदे मुख्य होती. ती बाई स्वतः बोलते. कवी मध्ये येऊन तिची वकिली करीत नाही. नर्मदानेही विधवाविवाहाचा पक्ष घेतला होता, आणि तो रणशिंग फुंकणारा कवी होता. मलबारींच्या पदांत रणशिंग नाही. त्यांत चूल आहे, न्हाणीघर आहे, सणाच्या दिवशी माजघराच्या दाराआड उभे राहणे आहे.

दोन वर्षे पुरी होण्यापूर्वीच ‘द इंडियन म्यूज इन इंग्लिश गार्ब’ या नावाने त्यांच्या इंग्रजी कवितांचे पुस्तक निघाले. हिंदी सरस्वतीला इंग्रजी पोशाख, हे नाव त्यांनी स्वतःच दिले, आणि त्या नावात जेवढी विनम्रता आहे तेवढेच सत्यही आहे. टेनिसन, मॅक्स म्युलर, फ्लॉरेन्स नाइटिंगेल अशा मोठ्या मंडळींनी पत्रे लिहून त्या पुस्तकाची दखल घेतली. तेवीस-चोवीस वर्षांच्या, पदवी नसलेल्या, सुरतेहून आलेल्या मुलाला या पत्रांचे काय मोल वाटले असेल हे समजण्यासारखे आहे. तथापि आज ती कविता वाचताना माझे मत असे झाले आहे की तिच्यातील भाषा निर्दोष असूनही ती बोलत नाही. अठराव्या शतकातील इंग्रज कवींचे छंद आणि त्यांची शब्दांची ठेवण मलबारींनी मन लावून अभ्यासिली होती, आणि त्या ठेवणीत राजनिष्ठेची भाषणे, नीतीचे विचार आणि उपरोधाचे फटकारे चांगले बसतात. हिंदू स्त्रीच्या जीवनाच्या अवस्था हा विषयही त्यांनी तेथे घेतला आहे. परंतु गुजरातीत जी बाई स्वतः रडत होती तिच्याविषयी इंग्रजीत कवी सांगू लागतो. आणि सांगणे म्हटले की समोर कोणी तरी ऐकणारा, अधिकारी, मन वळवावयास योग्य असा मनुष्य गृहीत धरावा लागतो. मला वाटते, येथेच त्यांच्या दोन भाषांचे काम वाटले गेले. गुजराती ही विलापाची भाषा राहिली, इंग्रजी ही फिर्यादीची झाली.

मॅक्स म्युलर यांनी त्यांना जो सल्ला दिला तो प्रसिद्ध आहे. इंग्रजीत पद्य लिहा वा गद्य लिहा, पण आपले जे खरे हिंदी विचार असतील, जसे माझे खरे जर्मन विचार, ते त्या भाषेत आणा, हीच आपल्या हातून होणारी उत्तम सेवा, असा त्याचा आशय होता. सल्ला देणारा स्वतःही परक्या भाषेतच ग्रंथ लिहीत असल्यामुळे त्यात वडीलकीपेक्षा बरोबरीचा सूर अधिक होता. मलबारींनी तो मानला, असे त्यांच्या पुढील आयुष्यावरून दिसते. इंग्रजी काव्याकडे पुन्हा तशा हौसेने ते वळले नाहीत. १८८० साली ‘इंडियन स्पेक्टेटर’ हे साप्ताहिक त्यांनी हाती घेतले आणि त्यांची इंग्रजी गद्यात उतरली. ‘गुजरात अँड द गुजरातीज’ या पुस्तकात सुरत, भडोच, बडोदे येथील माणसांची जी चित्रे आहेत ती त्यांच्या साऱ्या इंग्रजी कवितेहून अधिक जिवंत आहेत. मॅक्स म्युलर यांची धर्माच्या उत्पत्तीवरील व्याख्याने देशी भाषांत यावीत म्हणून त्यांनी पदरमोड करून प्रवास केले आणि गुजराती भाषांतर स्वतः सहकाऱ्यासह केले. फिर्यादीच्या भाषेतून विलापाच्या भाषेकडे उलट वाटेने येण्याचा हा प्रयत्न फारसा चर्चिला जात नाही, पण तो मला फार आवडतो.

१८८४ साली बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य या दोन विषयांवरील त्यांची टिपणे छापून निघाली आणि देशभरच्या अधिकाऱ्यांना व प्रतिष्ठित गृहस्थांना पाठविण्यात आली. सरकारने प्रांतोप्रांतीचे अभिप्राय मागविले आणि अखेर या बाबतीत हात घालण्याचे नाकारले. त्याच वर्षी मुंबईच्या हायकोर्टात दादाजी भिकाजी यांनी आपली पत्नी रखमाबाई हिने नांदावयास यावे म्हणून दावा लावला होता. अकराव्या वर्षी लग्न झालेली, शिकलेली, स्वतःच्या मनाने ‘नाही’ म्हणणारी ही मराठी मुलगी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने पत्रे लिहीत होती. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, अपिलात तो फिरला, आणि १८८७ च्या मार्चमध्ये नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने कैद भोग असा हुकूम झाला. ती कैदेस तयार झाली. तिच्या बचावासाठी जी मंडळी उभी राहिली त्यांत मलबारी अग्रभागी होते. पुढच्या वर्षी २००० रुपये देऊन तो तंटा मिटला आणि ती वैद्यकी शिकण्यास विलायतेला गेली.

येथे मराठी वाचकाच्या मनात लोकमान्यांचे नाव येणारच, आणि ते टाळून जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. सरकारी कायद्याने सुधारणा करण्यावरचा टिळकांचा आक्षेप केवळ रूढीच्या अभिमानाचा होता असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. १८९० मध्ये त्यांनी सुधारकांना आव्हान दिले होते की मुलीचे लग्न सोळा आणि मुलाचे वीस वर्षांपूर्वी न करण्याचा निर्बंध आधी स्वतःवर घालून घ्या. समाजाची सुधारणा समाजाच्या भाषेत, समाजाच्या संमतीने व्हावी, परक्या राज्यकर्त्याकडे परक्या भाषेत अर्ज करून नव्हे, हे त्यांचे म्हणणे होते, आणि एक पारशी गृहस्थ हिंदूंच्या घरातील गोष्टी लंडनच्या दिवाणखान्यांत नेऊन मांडतो याचा लोकांना आलेला राग त्या म्हणण्याच्या पाठीशी होता. उलट रानडे, भांडारकर, तेलंग आणि ‘सुधारका’तून लिहिणारे आगरकर यांना त्या अर्जामागची घाई कळत होती. घाई खरीच होती. १८९० मध्ये कलकत्त्यास फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची पोर नवऱ्याच्या हातून मेली. त्याच वर्षी ‘करमणूक’मध्ये हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीतील यमू बोलू लागली होती, आणि मलबारी इंग्लंडात हिंदकन्यांच्या वतीने विनंतीपत्र छापून लोकमत वळवीत होते. १८९१ च्या मार्चमध्ये संमतिवयाचा कायदा झाला. मर्यादा १० वरून १२ वर्षांवर गेली. दोनच वर्षे! एवढ्यासाठी केवढा गदारोळ झाला हे पाहून आज मन खिन्न होते. परंतु त्या दोन वर्षांत जी मुले वाचली असतील त्यांना ती दोन वर्षे थोडी वाटली नसतील.

माझे स्वतःचे मत विचाराल तर, मलबारींनी फिर्याद योग्य तेथे नेली, कारण ज्याच्या हाती दंड आहे त्याच्याच भाषेत दाद मागावी लागते. परंतु फिर्याद नेताना ती ज्यांची होती त्या बायांच्या कानावर ती पडली नाही, हे शल्य उरतेच. अर्ज इंग्रजीत होता, त्यावरील अभिप्राय इंग्रजीत होते, आणि त्याविरुद्धची गर्जना पुरुषांच्या सभांतून झाली. माजघरात पोचली ती ‘नीतिविनोदा’तील पदेच. या उणिवेची जाणीव खुद्द मलबारींनाही असावी असे मला वाटते, कारण कायदा झाल्यानंतर, लौकिक इंग्रजीत मिळत असताना, त्यांनी ‘अनुभविका’ आणि ‘सांसारिका’ हे संग्रह पुन्हा गुजरातीत काढले. आणि १९०८ साली दयाराम गिदुमल यांच्यासह मुंबईत सेवासदन उभारले, ज्याच्या पुणे शाखेला रमाबाई रानड्यांनी आपले उर्वरित आयुष्य दिले. जुलै १९१२ मध्ये सिमल्यास ते वारले.

त्यांच्यानंतर अर्देशर खबरदारांनीही गुजराती आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत कविता लिहिली. आमच्या बाजूच्या मुंगावलीस जन्मलेल्या आणि ग्वाल्हेरीस देह ठेवलेल्या भास्कर रामचंद्र तांब्यांनी, सभोवती हिंदीचा एवढा पूर असताना आणि इंग्रजी कवी तोंडपाठ असताना, गाणे मात्र मराठीतच गायिले. कोणी कोणती वाट धरावी याचा निर्णय बाहेरच्याने देऊ नये. रखमाबाई विलायतेहून डॉक्टर होऊन आल्यावर १८९५ च्या सुमारास सुरतेच्या स्त्रियांच्या इस्पितळात रुजू झाल्या आणि दोन तपांहून थोडाच कमी काळ त्यांनी तेथे काढला. ज्या गल्ल्यांत मलबारी ख्याल गात हिंडले होते तेथील बाळंतिणींशी त्या, हायकोर्टात इंग्रजीतून झगडलेल्या मराठी बाई, गुजरातीत बोलत असणार.

मलबारींची गुजराती पदे वाचकाने शक्य तर मोठ्याने वाचावीत. लिपीची अडचण फार नाही. शिरोरेघ काढून टाकलेली देवनागरीच ती, आणि चार अक्षरे सोडली तर डोळे आठवड्यात सरावतात. मी ती येथील एका कापडदुकानदाराच्या वहीवरून शिकलो. आमच्या वाड्यात तेव्हा माझ्या वडिलांची आत्या होती, जिला आम्ही सारी आत्याआजी म्हणत असू. नवव्या वर्षी लग्न आणि अकराव्या वर्षी वैधव्य आलेली, पुढली सारी हयात आलवणात काढलेली. दूधवाल्याशी ती ठसक्यात बुंदेली बोले, रामायण तुलसीदासाचे ऐके, आणि स्वतःविषयी कोणत्याच भाषेत काही बोलत नसे. एके दुपारी ओसरीवर सराव म्हणून मी त्या विलापाचे एक पद अडखळत वाचीत होतो, आणि ती वाती वळीत बसली होती. गुजराती तिने जन्मात ऐकली नव्हती. थोड्या वेळाने तिच्या हातची वात थांबली. तिने विचारले, “ही पोर कुठल्या गावची रे?” मी म्हणालो, सुरतेकडची, पण लिहिणारा पुरुष आहे, पारशी. ती काही बोलली नाही. मग कापसाची पाटी बाजूला सारून तिने ते पद मला पहिल्यापासून, सावकाश, पुन्हा वाचावयास लावले.

झाशी